भोईरसाहेबांचे चार प्रोसेसर

प्रोग्रॅम क्रॅश झाला की भोईरसाहेब आधी बूट काढायचे. मग मोजे. मग टेबलाच्या खणातली चिंचोक्यांची पिशवी घेऊन जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "चला प्रोसेसर, खाली या."

प्रोसेसर म्हणजे आम्ही. मी, सावंत, कुलकर्णी. चौथे ते स्वतः. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात चार प्रोसेसरचं एक मशीन आलेलं. पुलांच्या हिशोबाची ही मोठाली मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांच्या ओळीच ओळी, त्या चौघांत वाटून एकाच वेळी सोडवायची, असा प्रोग्रॅम आम्ही सी भाषेत लिहीत होतो. प्रत्येकाने आपापल्या ओळी सोडवायच्या आणि उत्तर शेजाऱ्याला द्यायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मेला सकाळी नीट चालायचा, आणि दुपारी त्याच आकड्यांवर आडवा व्हायचा.

बरं, कुठे पडतो ते कळावं म्हणून प्रोग्रॅममध्ये जागोजागी आकडे छापायच्या सूचना टाकल्या, की पाहुण्यांसमोर शहाणं होणाऱ्या पोरासारखा गुमान चालायचा. सूचना काढल्या की पुन्हा आडवा. मी वैतागून म्हणायचे, "मशीनच भिकार आहे." साहेबांना ते खपायचं नाही. "मशीनला कशाला नावं ठेवता, बाई? छापायला थांबतो म्हणून घाई टळते. घाई कोणी केली, ते शोधा."

शोधायची रीत ही अशी. प्रत्येकापुढे कॅन्टीनचं ताट, ताटात चिंचोके, ते आकडे. आपला हिशोब झाला की उजवीकडच्याने येऊन उचलायचे. माझा हिशोब चालू असतानाच सावंतने हात घातला, की साहेब खूश. "प्रोसेसर नंबर दोन, शेजारणीचं शिजायच्या आत उचललंत?" एकदा मोठे साहेब गिऱ्हाइकाला घेऊन आत आले, तर चार पदवीधर पंगतीला बसलेले आणि कुलकर्णी रडकुंडीला येऊन सांगतोय, "माझ्या ताटात जागाच नाही हो." गिऱ्हाईक अदबीने म्हणालं, "जेवणं चालू आहेत वाटतं. नंतर येतो."

हसू नका, निम्म्या चुका अशाच सापडल्या होत्या. शेवटची एक मात्र सापडेना. आणि मोठ्या साहेबांनी तर सांगून टाकलेलं की सोमवारी प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दाखवायचा. चालला, की काम संपलं, टीम मोडली. सावंत पुण्याला, कुलकर्णी बडोद्याला, मी फोर्टच्या ऑफिसात.

आम्हाला आनंदच झाला. खोटं कशाला बोलू, खाली बसून बसून माझी कंबर धरली होती. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा भोईरसाहेब मशीनसमोरच बसलेले. म्हणाले, "उद्या बाळकुमला घरी या. तिथे शांत डोक्याने शोधू. जेवायलाच या."

माझं टाळकंच फिरलं. डोंबिवलीच्या बाईचा रविवार म्हणजे दळण, इस्त्री आणि उरलेल्या वेळात नवऱ्याचं डोकं खाणं. पण नाही कसं म्हणणार? बायको गेल्यापासून माणूस एकटा राहायचा. गेलो.

घर लख्ख झाडलेलं. साहेबांनी स्वतः कोलंबीचं कालवण केलेलं, कुलकर्णीसाठी वांग्याची वेगळी भाजी. जेवणाआधी पितळी ताटं मांडून चिंचोके सुरू. त्या दिवशी स्वारी भलतीच रंगात होती. सावंतला चिडव, कुलकर्णीचे चिंचोके पळव, मध्येच उठून चहा टाक. चुकीचा पत्ता नाही, आणि इकडे सोमवारच्या धास्तीने माझा जीव वरखाली. "साहेब, नाही सापडली तर?" मी विचारलं. "सापडेल हो," म्हणाले. "तुम्ही जरा शेजारच्या काकींकडून सोलकढीचं पातेलं आणा."

काकींनी पातेलं हातात दिलं आणि विचारलं, "अजून काय शोधताय गो? ती चूक तर त्याला कालच गावली."

"काल?"

"सांजचा आलता. तुमी गेल्यावर हापिसातच गावली, बोलला. सगलं नीट चाललं. मी बोलली, मग तोंड का असं? तर मना बोलतो, काकी, आता परवापासून कोन नाय येयाचा."

पातेलं घेऊन मी अंगणात उभी राहिले. आधी रागच आला. माझा अख्खा रविवार गेला होता. मग आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं, सावंतने काहीतरी आगाऊपणा केला असणार, आणि मला एकदम भरून आलं. लगेच आत जाववेना.

जेवणं झाली. सावंत घड्याळ बघत म्हणाला, "साहेब, आता पुरे. बाकीचं उद्या ऑफिसात बघू."

"हो, हो," साहेब म्हणाले. "तुम्हाला लांब जायचंय." आणि चिंचोके पिशवीत भरायला लागले.

मी माझ्या ताटासमोर जाऊन बसले. "गप्प बस रे सावंत," म्हटलं. "माझ्याच हिशोबात घोळ झालाय. साहेब, पहिल्या ओळीपासून पुन्हा घेऊ या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून त्यांनी चारही ताटांत चिंचोके वाढायला घेतले.