टोपड्याआधीचा मंगळवार

आमच्या गल्लीत जुन्या रेशमाला कात्री लावायची तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागते, आणि वत्सलाकाकूंच्या पैठणीने ती साफ नाकारली.

रविवारी काकूंच्या पणतीचं बारसं होतं. पैठणीच्या पदराचं टोपडं करायचं, पुढे जरीचा मोर, वर मोत्यांचा गोंडा, हे काकूंनी केव्हाच ठरवून टाकलेलं. टोपडी शिवणाऱ्या ताराबाई सोमवारी कात्री घेऊन आल्या. परवानगी विचारताना साक्षीदार लागतो आणि तो घरचा चालत नाही, म्हणून मला बोलावलं. नसतं बोलावलं तरी मी गेलेच असते म्हणा. आमची स्वयंपाकघरं एका भिंतीची. फोडणी काकूंकडे पडते, शिंका मला येतात.

ताराबाईंनी पैठणी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "कापू का?"

"नाही," पैठणी म्हणाली. जुनं रेशीम घडीच्या आतून बोलतं, त्यामुळे आवाज जरा दबका येतो.

"कारण सांगावं लागेल."

"मला नेसून कोणी चहा केलेला नाही."

"साक्षीदाराने ऐकलं?" ताराबाईंनी मला विचारलं.

"ऐकलं," मी म्हटलं. खरं तर हे मी भिंतीपलीकडून कितीदा तरी ऐकलेलं. काकूंचे यजमान, अण्णा, होते तेव्हा अधूनमधून म्हणायचे, "वत्सला, एकदा ती पैठणी नेसून नुसता चहा कर की." त्यावर काकू म्हणायच्या, "चहाला कोण नेसतं पैठणी? चांगल्या प्रसंगाला ठेवलीय." ती अण्णांनीच येवल्याहून आणलेली, वांगी रंगाची. दोन लग्नं आणि एक मुंज तेवढी बघितली तिने. बाकी सगळा जन्म मलमलीच्या फडक्यात, डांबरगोळ्यांच्या शेजारी. आणि आता अण्णाही नाहीत.

"अगं, डाग पडेल," काकू पैठणीला म्हणाल्या.

"पडू दे."

"घड्यांवर विरलीयस. फाटशील."

"टोपड्यापुरती उरेन."

ताराबाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "एक नेसण निघेल. पण उद्याच. नाहीतर विकतचं टोपडं आणा." परवानगीशिवाय कापलेल्या रेशमात टाका धरत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

काकू रात्रभर कुशी बदलत होत्या. भिंत पातळ आहे.

मंगळवारी सकाळी त्या पैठणी नेसल्या. निऱ्या मी धरल्या.

"हसतेस काय गं निमा?"

"हसत नाही हो. छान दिसताय."

"दळण आहे ना आज?" पैठणीने विचारलं.

"दळणाचं ठरलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"नेसलीच आहेस तर..."

गव्हाचा डबा मी घेतला. गल्लीतून काकू अशा चालत होत्या, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. गिरणीवाल्या मारुतीने चक्की थांबवली. "काकू, आज काय विशेष?"

काकूंनी एखादा सण सापडतो का पाहिलं. मग म्हणाल्या, "काही नाही रे. मंगळवार."

"बरं," मारुती म्हणाला. "बारीक ना?"

खांद्यावर पीठ बसलं. झटकायला काकूंचा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

घरी येऊन त्यांनी चहा केला, आलं किसून, दोन कप. दुसऱ्याला मी हात लावणार तोच पैठणी म्हणाली, "तो तुझा नाही, निमा."

मी हात मागे घेतला. काकू समोरच्या कपाकडे बघत बशीने चहा प्यायल्या. एक थेंब पदरावर पडला, मोराच्या अगदी चोचीपाशी. त्यांनी पुसला नाही.

"झाला हो चहा," त्या म्हणाल्या. कोणाला, ते मी विचारलं नाही. आणि मी न विचारलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

उठताना गुडघ्यावर घडी टर्रकन फाटली.

"आता कापा," पैठणी म्हणाली.

बुधवारी ताराबाई आल्या. पदर पसरून त्यांनी विचारलं, "डाग शिवणीत आत घेऊ?"

"पुढेच येऊ दे," काकू म्हणाल्या. मला वाटतं, पैठणीही तेच म्हणणार होती. तिला तोंड उघडावं लागलं नाही.

रविवारी बारसं झालं. टोपडं बाळाला इतकं शोभलं की मी दोनदा दृष्ट काढली. बाळाने त्याच्या बंदावर यथास्थित दूध काढलं. पाहुणे गेल्यावर काकूंच्या नातसुनेने, केतकीने, टोपडं उतरवून स्वच्छ पुसलं आणि मलमलीचं फडकं शोधून आणलं.

"नीट ठेवून देते," ती म्हणाली. "पुढच्या चांगल्या प्रसंगाला होईल."

काकूंनी नुसतं टोपड्याकडे बघितलं.

"उद्या गिरणीत कोण जातंय?" टोपड्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "माझी ज्वारी आहे दळायची."

केतकीने फडक्याची घडी केली आणि टोपडं बाळाच्या उशाशी ठेवलं.