गुंजाळांची दुनळी तीनशे पावले चालोन क्वार्टरात आली, ती हकीकत

देवासच्या टेकडीवरील थोरल्या व धाकट्या मातेस दंडवत घालोन, आणि पलटणीच्या कायद्याचे पुस्तक मस्तकी लावोन, ही हकीकत लिहिली. यांत पदरचा मसाला नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन मासी, देवासबाहेरील छावणीत एक बंदूक तीनशे पावले नेण्याची मोहीम जाहली, आणि तीत सात दिवस खर्ची पडले, तो मजकूर येणेप्रमाणे.

सुभेदार अजेयराव गुंजाळ, उमर एकेचाळीस, बर्फात व जंगलात अठरा वर्षे चाकरी करोन या छावणीत बदलून आले. दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले, कबिला वल्लरीबाई सोबत. मातुश्री बाळपणीच वारल्या, म्हणोन त्यांस आत्येने वाढविले. आत्येस अवघे अक्का म्हणत. त्या धारेस भाड्याच्या खोलीत एकट्या राहात, उमर अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही बंडखोर. भाद्रपदात न्हाणीत घसरोन पडल्या, मग अजेयरावांनी देवासेस येऊन राहावे ऐसे तहाचे बोलणे लाविले, आणि ते फोनावर एकोणीस दिवस चालोन अखेर अक्कांनी एक कलम घातले. ते ऐसे जे, घराण्याची दुनळी बारा बोरी बंदूक सोबत येईल, आणि खंडेनवमीस तिची पूजा आपल्या हातें, घरच्या पाटावर होईल. न जाहली तर त्याच दिवशी धारेची गाडी धरू आणि पुन्हा देवासचे पाणी पिणार नाही. अजेयरावांनी कलम मंजूर केले. परवाना त्यांचेच नावे होता. अडचण काय यावी?

अडचण दरवाजावर उभी होती. पहाऱ्यावरील हवालदाराने लाल वस्त्रांत गुंडाळलेली बंदूक पाहोन सलाम केला आणि कायदा सांगितला की, खाजगी हत्यार क्वार्टरात नेता येत नाही, कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारी, जमा होते. छावणीबाहेर न्यावयाचे तर मात्र रजेच्या कागदावर खुशाल न्यावे. सबब ती बंदूक धार, बाग, अमझेरा, मर्जी होईल त्या गावी फिरू शकत होती, परंतु कोतापासोन अजेयरावांचे क्वार्टर तीनशे पावले, तेवढी मजल तिला बंद. हवालदार वस्त्र सोडू लागला तो अक्कांनी त्याचे मनगट धरिले.

“नवमीआधी सोवळ्याची गाठ सुटायची नाही. आणि कुणी तेलपाणी करायचं नाही, आतून पुसायचं नाही. कळलं का रे बाळा?”

हवालदार मणिपूरचा, त्यास मराठीचे अक्षर कळेना, परंतु मनगट कळले. त्याने वहीत ‘बंदूक एक, कपड्यासहित’ ऐसे लिहोन घेतले. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पंचमीस सैनिक संमेलन भरले. त्यांत कर्नलसाहेब बहादुर शेवटी पुसतात की कोणास काही तक्रार, आणि सातशे असामी गप्प बसतात, ही वहिवाट. ते दिवशी अजेयराव उठोन उभे राहिले आणि अवघ्या सभेच्या माना वळल्या. त्यांनी अर्ज केला जे, सरहद्दीवर सरकार आम्हांस मशीनगन देते आणि तिजपाशी निजावयास सांगते. तोच माणूस घरी आला म्हणजे त्याच्या आजाची बंदूक त्याच्या खुंटीवर विश्वासाची राहात नाही, हे कैसे? धारेस वीस वर्षे एक म्हातारी त्या बंदुकीच्या भरवशावर कडी लावोन निजली. सैनिकाने आपल्या घरी आपले हत्यार का बाळगू नये? मागील रांगांत टाळ्या वाजल्या, आणि वाजवणारे तत्काळ छताकडे पाहू लागले.

जबाबास सुभेदार मेजर उमाशंकरजी उठले. वतन पीपलरावां गाव, मिशा भरघोस, छावणीत कर्नलसाहेबांचा हुकूम यांच्याच तोंडून उतरत असे. ते म्हणाले, “अजेय भिया, बॉर्डर पे झगडा एक होता है. क्वार्टर में गिनो जरा. नळाचे पाणी, पार्किंग, पोरांचे मार्क, वरच्या मजल्यावरचे कपडे टपकतात ते. सामने वाला भी फौजी, उसके घर में भी दुनाली. मग पंचनामा लिहायला मी बसू का?” सभा हसली. अजेयरावही हसले असते, परंतु अक्का तिसऱ्या दिवशी साबुदाण्यावर होत्या आणि त्यांची पेटी दाराशी बांधोन ठेविली होती.

मग घरी मसलती जाहल्या. वल्लरीबाईंनी मार्ग काढिला की, रजेच्या कागदावर बंदूक छावणीबाहेर न्यावी आणि चौकातील पोहेवाल्याच्या बाकावर पूजा उरकावी. अक्कांनी विचारिले, “आणि नैवेद्याला जिलबी त्याच्याच कढईतली का?” ती मसलत बुडाली. मग अक्कांनी स्वतः सुचविले की गादीच्या वळकटीत लपवोन आणावी. अजेयरावांनी अठरा वर्षांचा गणवेश दाखविला आणि म्हणाले, “अक्का, हे मात्र सांगू नकोस.” अक्कांनी ती मसलत सोडिली, परंतु पुनश्च तेच पुसले जे रोज पुसत, “तिला कुणी साफ तर नाही ना केलं?”

अष्टमीस कर्नलसाहेबांचे फर्मान आले. पलटणीच्या मिस्त्रीने तपासोन, बंदूक रिकामी व निर्धोक ऐसा दाखला द्यावा, मग चार शिपाई पहाऱ्यास देऊन दोन घटका पूजेपुरती सोडावी. अजेयरावांस वाटले, किल्ला पडला. अक्कांचा चेहरा मात्र पांढरा जाहला, आणि त्या म्हणाल्या, “मीही येते.”

नवमी, बुधवार, सकाळी कोताच्या ओट्यावर दरबार भरला. मिस्त्री रघुजी, हत्यारांच्या कामात तीस वर्षे मुरलेला, त्याने गाठ सोडिली आणि बंदूक बिजागरीत मोडोन उघडू गेला. उघडेना. गुडघा लावोन जोर केला, न उघडे. मग नळीत गज घातला तो चार बोटांवर अडकला. ठोकिला, तेव्हा आंतून पिवळा चुरा निघाला, तांदळाचे दाणे निघाले, आणि वाळोन दगड जाहलेले असे काही निघाले की रघुजीने हुंगोन पाहिले व म्हणाला, “साब, हे तर दही आहे.”

दोन्ही नळ्या तळापर्यंत जाम. घोडे गंजोन एकजीव. रघुजीने हात पुसले आणि निवाडा दिला की, ही बंदूक नव्हे. बंदुकीच्या आकाराचे लोखंड आहे.

अजेयरावांस उमगले जे, सातशे असामींसमोर ज्या भरवशाचे गुणगान केले तो भरवसा दह्याचा होता. त्यांनी अक्कांकडे पाहिले. अक्का ओट्याच्या कडेवर बसल्या आणि खालच्या आवाजात बोलिल्या.

“तू चार वर्षांचा होतास. तुझा बाप, भैयासाहेब, रजेवर आलेला. नळावरनं शेजारच्याशी तंटा झाला आणि हा आत येऊन हीच भरून बाहेर निघाला. मी दारात आडवी पडले, मला तुडवून जाववेना म्हणून तो थांबला. माणूस वाईट नव्हता रे. फक्त बंदूक हाताशी होती. त्या नवमीला मी पंचामृत नळीत ओतलं. पुढं दर नवमीला ओतलं. एकदा त्यानं उघडायला घेतली, उघडेना, तर देवीची इच्छा म्हणून टांगून ठेवली. लोक म्हणाले, गुंजाळांची अक्का काय भक्तीनं पूजा करते! आता ती तुझ्या हाती आली आणि तुझ्या इथं साफ करणारे बसलेले. मग मी काय करू?”

रघुजीने दाखल्याचा कागद पुढे केला. त्यावर दोन रकाने होते. ‘हत्यार, दुरुस्तीयोग्य’ यावर सही केली तर पलटण आठ दिवसांत नवी नळी बसवोन देईल आणि घराण्याची इभ्रत राहील, परंतु मुक्काम कोतात. ‘शोभेची वस्तू’ यावर केली तर परवाना रद्द, पहारा रद्द, कायदा लागू नाही, खुंटीवर जन्मभर टांगावी. सुभेदारांनी कलम हाती धरिले आणि पुष्कळ वेळ धरोन ठेविले, कारण आजाने त्या दुनळीने मारिलेला वाघ, बापाची ऐट, आपले संमेलनातील भाषण, अवघे त्या दुसऱ्या रकान्यात गाडावयाचे होते. मग त्यांनी अक्कांच्या पायांतील चपलेकडे पाहिले. ती प्रवासाची होती. आणि दुसऱ्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात, हुद्द्यासहित सही केली.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस दिवसाढवळ्या, पहाऱ्यावाचोन, कायद्याचे एक अक्षरही न मोडता, गुंजाळांची दुनळी तीनशे पावले चालोन क्वार्टरात दाखल जाहली. पाटावर बसविली, अक्कांनी पूजा केली, अजेयरावांनी नळी उभी धरिली आणि पंचामृताची वाटी आपल्या हातें त्यांचे हाती दिली. पेटी सोडिली, पातळे कपाटात गेली. फत्ते जाहली, ती छावणीच्या दप्तरी ‘शोभेची वस्तू, एक’ ऐशी नोंदली गेली.

दसऱ्याचे दिवशी सोने द्यावयास सुभेदार मेजर उमाशंकरजी आले. बसले, मिशा पुसल्या, वल्लरीबाईंचा चहा घेतला, दोनदा उठोन पुन्हा बसले. पीपलरावां गावी त्यांच्या घरी एक बंदूक होती आणि धाकटा भाऊ तापट होता. अखेर अजेयराव आंत गेलेसे पाहोन ते अक्कांकडे झुकले.

“अक्काजी, वो दही… कितना डालना पड़ता है?”