आयात शुल्क आणि माझं कटिंगचं टेबल

भाव वाढणार या आवईला मी आयुष्यात एकदाही भुललेले नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वडिलांनी अशाच एका बातमीवरून ट्रंकभर टॉर्चचे सेल आणून ठेवले होते. भाव वाढले नाहीत. सेल मात्र ट्रंकेत फुटून वाहिले आणि आईची ठेवणीतली शाल खाऊन गेले. पुढे कित्येक वर्षं वीज गेली की आम्ही अंधारातच बसायचो, कारण सेलचं नाव काढायची कोणाची हिंमत नव्हती.

त्यामुळे आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून "आयात शुल्क वाढणार म्हणतात" असं म्हटलं, तेव्हा मला ती शालच दिसली.

ह्यांना निवृत्तीनंतर आगगाड्यांचा नाद लागला आहे. खऱ्या नव्हे, खेळण्यातल्या. पण खेळणं म्हटलं की जेवत नाहीत. 'मॉडेल' म्हणायचं. इंजिन बोटाएवढं, येतं परदेशातून, आणि त्या किमतीत खऱ्या गाडीने देश बघून होईल.

"आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं नाही का?"

"ठेवणार कुठे?"

ह्यांची नजर क्षणभर माझ्या कटिंगच्या टेबलावर गेली. माझ्या टेबलावर! बाहेरच्या खोलीतलं ते लांबलचक टेबल मी शिवणाच्या पहिल्या कमाईतून सुताराकडून करवून घेतलं. मुलींच्या दोन पिढ्या त्यावर कापड बेतायला शिकल्या. स्वतःच्या मुलांना मी त्यावर कधी दप्तर ठेवू दिलं नाही. आणि नेमकी तेव्हा दवाखान्याच्या पडद्यांची ऑर्डर हातात होती.

"तिकडे बघायचं नाही," मी म्हणाले. "आणि मागवायचंही नाही. शुल्क वाढेल तेव्हा वाढेल."

"बरं," हे म्हणाले. इतक्या झटकन आलेल्या 'बरं'चा मला संशय यायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात दारात खोकी यायला लागली. एक, मग दोन, मग कुरिअरवाला हातगाडी घेऊनच आला.

"सही करा, आजी."

"मी काही मागवलेलं नाही."

"पत्ता हाच आहे. सगळ्यांचा."

मी ह्यांना समोर बसवलं. "हे सगळं तुमचं?"

"छे! माझं फक्त ते छोटं."

बाकीची ह्यांच्या मित्रांची होती. एक दातांचे डॉक्टर, एक बँकवाले आणि तिसरे गार्ड. गार्ड आयुष्यभर विमा कंपनीत होते, पण आता गळ्यात शिट्टी घालून फिरतात. शुल्क वाढायच्या आत तिघांनीही ऑर्डरी दिल्या. आपण काही मागवलेलं नाही असं तिघांनीही आपापल्या बायकोला शपथेवर सांगितलं. आणि एकमेकांना न विचारता तिघांनीही पत्ता आमचा घातला.

मी डॉक्टरांना फोन लावला. "आमचाच पत्ता का?"

"वहिनी, तुम्ही घरी असताच ना."

मी घरी असते! घरी असते ती चार पैसे मिळवायला, यांची पापं उतरवून घ्यायला नव्हे. बँकवाल्यांनी तर नुसते बोगदे मागवले होते. डोंगरासकट.

"पुढे महाग झाले तर?" हे म्हणाले.

"बोगद्यावाचून आजवर कोणाचं अडलंय?"

संध्याकाळपर्यंत सगळं उचला, असं मी बजावलं आणि दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडले. परत येते तर चौघांनी खोकी फोडलेली. "फुटलंबिटलं असेल तर परत करायला मुदत असते, वहिनी. नुसतं तपासतोय." टेबलभर रूळ पसरले होते. रूळ सरकू नयेत म्हणून गार्डांनी ते खिळे मारून पक्के केले होते. आणि रुळांखाली दवाखान्याचं कापड होतं. खिळे कापडातून थेट माझ्या टेबलात!

मी सरळ तिघांच्या बायकांना फोन करून बोलावलं. तिघी आल्या. डॉक्टरांची बायको पुढे. ती नुसती खाकरली तरी डॉक्टरांची कवळी हलते. आता बघा गंमत, असं मी मनात म्हटलं.

ती टेबलाभोवती एक फेरी मारून आली. "हे आता खेळणार किती वेळ?"

"दुपारभर."

"रोज?"

"रोज. म्हणून म्हणते, आत्ताच्या आत्ता घरी घेऊन जा."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग डॉक्टरांची बायको माझ्या मशीनच्या स्टुलावर ऐसपैस बसली. "म्हणजे रोज दुपारभर हे आमच्या घरी नसतील."

"विजेचं बिल आम्ही वाटून घेऊ," बँकवालीण घाईने म्हणाली.

"कापड मी नवं आणून देते," गार्डीणबाई म्हणाल्या. "पण गाडी इथेच राहू दे हो, ताई."

माझी फौज माझ्याच डोळ्यांदेखत फितूर झाली. मी कडाकडा भांडले. शेवटी अर्धं टेबल मला, अर्धं रेल्वेला, अशी वाटणी झाली; पण रूळ सगळीकडून जातात. शुल्क शेवटी वाढलं ते शिवणयंत्राच्या सुयांवर. ती बातमी वाचून ह्यांनी तोंड उघडलं होतं. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं. मिटलं.

माझा राग अजून गेलेला नाही. परवा बेतायला घेतलं आणि खडू राहिला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. गुडघे दुखत होते, म्हणून म्हणाले. एरवी म्हणाले नसते.

"मालगाडी इकडे पाठवा."