पाच धुराड्यांचं अंगण

अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका गावात हॉलिस प्रुइट यांच्या हिरवळीवर एका सकाळी चिखलाचं वीतभर धुराडं उगवलं. घटना गंभीर होती. 'महिन्याचं सर्वोत्तम अंगण' ही पाटी सलग अकरा महिने त्यांच्या दारात होती. बारावा महिना पदरात पडला की ती कायमची त्यांची.

अशा धुराड्याखाली बिळात क्रेफिश राहतो, झिंग्याचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊ. त्याच आठवड्यात वन्यजीव खात्याने आवाहन केलं होतं : दुर्मीळ क्रेफिशचे बीळ दिसल्यास कळवावे, अधिकारी येईपर्यंत गवत कापू नये.

हॉलिसनी टाचेखाली धुराडं सपाट केलं आणि फॉर्म भरला. पत्ता पाटीच्या शर्यतीतल्या, शेजारच्या मिस वर्नांचा.

"अहो, रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसाल?" बायको ग्लेंडा म्हणाली.

"नागरिकाचं कर्तव्य गं."

मिस वर्नांचं गवत गुडघ्याला लागलं, तेव्हा अधिकारी आला. बीळ सापडेना, पण 'आढळले नाही' असा रकानाच फॉर्मवर नव्हता. म्हणून त्याने 'क्रेफिशचे माहेरघर' अशी पाटी ठोकली, हॉलिसच्या पाटीच्या दुप्पट. गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. मिस वर्ना त्यांना पीचची पेस्ट्री खाऊ घालू लागल्या.

गाव पेटलं. जो तो चिखल कालवू लागला. केकवर फुलं काढायच्या पिशवीतून धुराडं फार सुबक उतरतं, हा शोध चर्चच्या महिलामंडळाचा. पाद्रीबुवांच्या अंगणात तर नऊ! पाटी देणाऱ्या अंगण समितीनेही नियम बदलला : किमान पाच धुराडी.

आता हॉलिस हिरवळीवर पाऊल ठेवीनात. आठवडाभराने एकच धुराडं उगवलं; तेही वाकडं. त्यांनी अधिकाऱ्याला बोलावलं.

"हे असं कसं? मिस वर्नांची बघा, कशी टोकदार!"

तेवढ्यात बिळातून खुद्द क्रेफिश निघाला आणि त्याने अधिकाऱ्याच्या बुटाची नाडी धरली.

"साहेब, हाच तो!"

अधिकाऱ्याने गावभर फिरून काढलेले नमुन्याचे फोटो चाळले. "असेल. पण याचं बांधकाम नमुन्यात बसत नाही. अपात्र."

कुंपणापलीकडून मिस वर्ना म्हणाल्या, "मन लहान करू नका हो, हॉलिस. पिशवी देऊ का?"

हॉलिसनी पिशवी घेतली. पाच धुराडी नीट ओळीत उभी राहिली. क्रेफिश मध्येमध्ये येत होता, म्हणून ग्लेंडाने त्याला मक्याच्या कणसांबरोबर उकडलं. पाटी कायमची मिळाली. खात्याने अहवाल काढला : चारशे बारा धुराडी, प्रजाती सुखरूप, मोहीम यशस्वी.

हसा, खुशाल हसा. फक्त गेल्या जूनमध्ये एका रोपाला सात जणांनी हात लावून काढलेला तो फोटो आहे ना तुमच्याकडे? तुम्ही त्यात छानच दिसताय. झाड कुठंय?