ग्वाक आजींकडे अडकलेल्या बशा

"सूनबाई, वड्या कागदी डब्यांतून वाट. चांगल्या बशा दिल्यास तर माणसं संकोचात पडतील!" सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसले. अहो, मी मानसशास्त्राची पदवीधर! माणसांची ओढ आणि नकाराची धास्ती हे दोन वेगळे स्वभावगुण, हे मला पाठ. दोन्हींची चाचणी मी स्वतःवरच घेतली होती. ओढ भरभरून, धास्ती औषधालाही नाही!

आमची दान्बी शंभर दिवसांची झाली. तांदळाच्या पांढऱ्या वड्या जितक्या घरी जातील तितकं लेकरू दीर्घायुषी! मी लग्नातल्या बशा काढल्या आणि इमारतभर वाटून आले. कोरियातल्या अख्ख्या देजॉन शहरात माझ्याइतकी ऐटबाज आई नसेल!

बशी रिकामी परत करायची नसते. कुणी दीर्घायुष्याची म्हणून दोऱ्याची लड ठेवली, कुणी तांदूळ, कुणी साबण. फक्त खालच्या ग्वाक आजींची बशी येईना!

"अहो, दान्बीचं रडणं खाली जात असेल का? आजींनी आशीर्वादच नाकारला तर?"

"धास्ती वाटतेय?" नवरा म्हणाला.

"छे! निरीक्षण करतेय!"

निरीक्षण म्हणून दुसरी बशी पाठवली. गडप! तिसरी, मुळ्याच्या किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याची. तीही गडप! त्यात मी लिफ्टपाशी दिसले की आजी गुडघे धरून जिन्याकडे वळायच्या. शेवटी नवऱ्याला म्हटलं, "माझी चाचणी तुम्ही भरा." त्याने धास्तीला असे गुण दिले की सशालाही हेवा वाटावा!

"प्रश्नच चुकीचे आहेत!"

"मग आजींनाच विचार ना!"

गेले. आजींनी दार उघडलं आणि मटकन खालीच बसल्या. मागे तिन्ही बशा घासूनपुसून एकावर एक!

"दान्बीची आई, दया कर गं! रिकामी बशी कशी देऊ? टोपी विणायला घेतली, तर दुसरी बशी! मोजे घेतले, तर तिसरी! किती विणू?" मग हळूच, "शिवाय तुला नाही आवडलं तर? रोज तुझ्या दारापर्यंत येते नि परत फिरते."

ओढ भरभरून आणि धास्तीही भरभरून! अशी माणसं पुस्तकात वाचली होती, ती माझ्याच पायाखाली राहत होती.

टोपी दान्बीला अशी बसली म्हणून सांगू! माझीच लेक ती, गोड दिसणारच!

तर मंडळी, तुमचीही बशी कुणाकडे अडकली असेल, तर आजच त्यांची विचारपूस करून या. फक्त जाताना हात मोकळे ठेवा. त्या दिवशी आजी खाली बसल्या, कारण माझ्या हातात चौथी बशी होती!