बोटभर ओळख

"लिहून ठेव, ग्लेनिस! यंदा बुर्रावेलच्या कृषी प्रदर्शनाचा अध्यक्ष मीच होणार!"

क्लाइव्ह पेटिग्र्यूने टोस्टवर लोणी फासता फासता जाहीर केलं. ग्लेनिसने काही लिहून ठेवलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने लिहून ठेवायला सांगितलेलं सगळं लिहिलं असतं, तर एक कपाट भरलं असतं. आणि त्यातलं जे खरं झालं ते पोस्टाच्या तिकिटामागे मावलं असतं.

"चार महिने झालेत आपल्याला इथं येऊन," ती म्हणाली. "तुला ओळखतं कोण?"

"कोण? सगळे!" क्लाइव्हने खिशातून वही काढली. "सोमवारी सतरा. मंगळवारी एकवीस. आणि काल घरापासून गव्हाच्या कोठारापर्यंत एकोणतीस!"

"एकोणतीस काय?"

"बोटं!"

आता बोटांचं असं आहे, की त्या भागात रस्त्यात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. एकच. अख्खा हात हलवतात ते शहरातले, आणि दोन्ही हात हलवले तर समजावं, पुढे पूल वाहून गेलाय. हे एक बोट म्हणजे गावात तुमचं नाव लागलं!

पहिले तीन महिने क्लाइव्ह आपली निळी छोटी गाडी घेऊन हिंडला. एक बोट उठलं नाही. तशी त्याला सवय होती म्हणा! ॲडलेडच्या विमा कचेरीत सव्वीस वर्षं तो एकाच लिफ्टने चढला-उतरला, तिथेही आरशातला माणूस सोडून कुणी ओळख दिली नव्हती. पण तीन आठवड्यांपूर्वी त्याने एक जुनी डिझेल यूट घेतली, पांढरी, मागे उघडा हौदा असलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून रस्तोरस्ती बोटं तरारून वर यायला लागली!

यूट मर्व्ह लिंके नावाच्या म्हाताऱ्याची. गावाबाहेर तीस किलोमीटरवर एकटाच राहायचा. गाडी चार लाख बारा हजार किलोमीटर पळालेली, म्हणजे चंद्रावर पोहोचून तिथे थोडी वाट चुकण्याइतकी! इंजिनचा आवाज पत्र्याच्या डब्यात चिंचोके खुळखुळवावे तसा. क्लाइव्हने जाणकारासारखी टायरला लाथ मारली. अंगठा चार दिवस दुखत होता.

"चावी फिरवलीस की हा पिवळा दिवा लागतो," मर्व्ह म्हणाला. "तो विझेपर्यंत थांबायचं, मग सुरू करायची. डिझेलला घाई चालत नाही, गड्या."

"नऊ हजार जास्त होतात हो."

"साडेआठ घे. पण एक अट. गाडी विकली हे गावात बोलायचं नाही." मर्व्हने चावी द्यायला हात पुढे केला तो क्लाइव्हच्या हाताच्या चांगला वीतभर डावीकडे. "डोळ्यांपायी लायसन गेलंय माझं. सांगेन मी सावकाश, मला जमेल तेव्हा."

"शब्द!" क्लाइव्ह म्हणाला. पाचशे डॉलर वाचत असतील तर त्याने गाडी घेतल्याचं ग्लेनिसलासुद्धा सांगितलं नसतं. "आणि ही तुमची हॅट राहिलीय आत."

"राहू दे. ती गाडीचीच आहे."

क्लाइव्हने हॅट डोक्यावर चढवली. कानांपर्यंत आली.

तेव्हापासून हे बोटांचं पीक. त्यात बुधवारी कहर झाला! बेकरीतून मटणाचं पॅटिस घेऊन बाहेर येतो तो यूटच्या हौद्यात गवत कापायचं यंत्र! वर चिठ्ठी: "दोस्ता, तुझ्याशिवाय कोण!" क्लाइव्हचे डोळे भरून आले.

"बंद पडलेलं आहे," ग्लेनिस म्हणाली.

"धर्माची गाय अन् दात का गं नाय! अगं, भावना बघ. तुझ्याशिवाय कोण! माणसं आधीच पाठिंबा द्यायला लागली!"

आणि अध्यक्षाला शोभेल अशा दिलदारीने त्याने ते यंत्र प्रदर्शन मंडळाच्या सभेतल्या सोडतीला बक्षीस म्हणून देऊन टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी सभा. क्लाइव्हने सर्वांच्या आधी जाऊन यूट बरोबर सभागृहाच्या दारात लावली आणि हॅट आत ठेवून, भांग पाडून पुढच्या रांगेत बसला.

चिटणीस डॉट हॅनिगन उभी राहिली. "अध्यक्षपदासाठी नावं सुचवा."

क्लाइव्हने कोपर मारलं. "क्लाइव्ह पेटिग्र्यू," ग्लेनिस म्हणाली.

"कोण?" चार कोपऱ्यांतून आवाज आला.

"मर्व्ह लिंके!" मागून लेस ट्रेगेन्झा ओरडला. लेस म्हणजे मेंढ्यांचा ट्रक चालवणारा गडी. त्याचा आवाज मेंढ्यांनाच ऐकायची सवय.

"माणूस हजर पाहिजे, नियम आहे," डॉट म्हणाली.

"हजरच आहे की! यूट दारात उभी आहे. हॅट आहे आत. मागे मुतारीत गेला असेल, या वयात लागतो वेळ!"

क्लाइव्हने दारातल्या यूटकडे पाहिलं.

"मर्व्हसाठी हात वर करा." चौतीस हात. चौतिसावा ग्लेनिसचा! "आणि या… पेटिग्र्यूंसाठी?" एक. त्याचा स्वतःचाच. तोही कोपरापर्यंतच उठला.

"ग्लेनिस!"

"अरे, ही शेजारची बाई आत्ताच सांगतेय, तो म्हणे अख्ख्या गावाची गवताची यंत्रं फुकट दुरुस्त करतो. त्याच्या यूटमध्ये नुसतं टाकून यायचं. आपलंही बंद आहे ना!"

क्लाइव्हच्या डोक्यातला पिवळा दिवा आत्ता विझला आणि इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात सोडतीच्या टेबलापाशी बोंब उठली. "हे माझं आहे!" लेस ओरडत होता. "दोन डॉलरचं तिकीट काढून मी माझंच यंत्र जिंकायचं?"

डॉटने यादी पाहिली. "देणगीदार, क्लाइव्ह पेटिग्र्यू."

चार महिन्यांत पहिल्यांदाच अख्ख्या गावाने क्लाइव्हकडे वळून पाहिलं!

"मर्व्हच्या गाडीतनं माल उचलतोस होय रे?" लेस बाह्या सरसावत आला. "म्हाताऱ्याच्या?"

एक वाक्य पुरलं असतं. गाडी माझी आहे! कागद खिशात होते. क्लाइव्हने खिशात हात घातलासुद्धा. पण त्याला तो हात आठवला, वीतभर डावीकडे चावी देणारा. सांगेन मी सावकाश.

"मी मर्व्हचा ड्रायव्हर आहे," तो म्हणाला. "गुडघा धरलाय त्याचा. आज तो आलाच नाही, गाडी मी आणली. आणि यंत्राचा… घोळ माझा झाला."

"मग असं सांग की, गड्या!" लेसने पाठीत असा धपाटा घातला, की क्लाइव्हची कवळी जागची हलली. "मर्व्हला म्हणावं, तूच अध्यक्ष. नियम गेला खड्ड्यात! मंगळवारी बैठक, घेऊन ये त्याला. आणि हे यंत्र दुरुस्तीला न्या दोघं!"

तर मंगळवारी क्लाइव्ह तीस किलोमीटर जाऊन अध्यक्षांना घेऊन आला. स्वतःच्या डिझेलने. मर्व्हने सगळी हकिकत ऐकून बराच वेळ चष्मा पुसला.

"विकल्याचं बोलला नाहीस?"

"शब्द दिला होता ना."

"हं." मर्व्हने चाचपून हॅट उचलली, डोक्यावर ठेवली. तिथे ती कानांच्या वर बसली. "चल. थांब, थांब! दिवा विझू दे की! घाई कसली?"

वाटेत समोरून घरघर आली.

"लेसचा ट्रक," मर्व्ह आवाजावरून म्हणाला आणि त्याने गुडघ्यावरचं बोट उचललं. क्लाइव्हनेही स्टिअरिंगवरचं उचललं. ट्रकच्या काचेमागे एक जाडजूड बोट वर आलं आणि गेलं.

क्लाइव्हला राहवेना. "मर्व्ह, हे कुणाला होतं? तुला की मला?"

मर्व्हने जरा विचार केला.

"गाडीला."