निस्तं पिळलं, धुतलं कुठी?

दौलतभाऊ डायलिसिसला धुणं म्हणतात. आमच्या चंद्रपूरच्या वॉर्डात पेशंट शिरला की दारातच विचारतात, "आज पुरं धुसान का अर्धवट पळसान?" घुग्घुसच्या खाणीतून रिटायर झालेला हा माणूस माझ्या आणि शेजारच्या पेशंट जानोबाईंच्या खाटांच्या मध्ये स्टूल टाकून बसतो आणि मशीनवर डोळे वटारतो. मला असा राग यायचा! जानोबाईंचा नातेवाईक आहेस ना, मग त्यांचं डोकं खा. माझं कशाला?

त्या दिवशी माझी तपासणी होती. मशीन लावण्याआधी रक्त घेतात, उतरताना पुन्हा घेतात आणि घाण किती कमी झाली ते बघतात. मला मूल गावची बस गाठायची होती. वेळ पुरी व्हायच्या आधीच मी सिस्टरला म्हटलं, "काढा आता. सूज गेली, वजन उतरलं. झालं."

"काय झालं?" दौलतभाऊ ताडकन उठले. "पानी उतरलं, भाऊ. घाण कुठी उतरली? निस्तं पिळलं म्हणजे लुगडं धुतलं होते का? मागचा रिपोर्ट खराब आला ना तुमचा? असंच पळत राह्यले तर जीवावर बेतंल, असं डॉक्टर तुमालेच म्हनले ना?"

माझं टाळकंच सरकलं. "तुमच्या पोटात काऊन दुखते? तुमच्या जानोबाईले सांगा."

जानोबाई उशीवरूनच म्हणाल्या, "माझे कोनी नाई ते. मले वाटे, तुमचेच मोठे भाऊ हायेत."

म्हणजे हा माणूस वॉर्डात कोणाचाच नव्हता. मी आणखीच चिडलो. "मंग येता कायले इथी?"

"तुमच्या याच खाटेवर माझी बायको होती, शेवटपर्यंत," ते म्हणाले. आवाज तसाच, भांडणाचा. "तिचा रिपोर्ट खराब आला, तं मशीनच खराब हाय म्हणून मी साऱ्यांशी भांडलो. अन् माझी ड्युटी चुकू नये म्हणून तिले दर खेपेस लवकर उतरवणारा मीच. ते बिचारी म्हने, चाला."

मी सिस्टरला म्हटलं, "राहू द्या."

बस गेली. दौलतभाऊ स्टुलावरच बसून होते. दुसऱ्यांदा रक्त घेऊन झालं, सुया निघाल्या, तसा त्यांनी माझ्या हातावरचा कापूस अंगठ्यानं दाबून धरला.

मी म्हटलं, "जरा जोरात दाबा, रक्त थांबत नाई लवकर."

"गप ऱ्हा," ते खेकसले. "हे मले येते."